सुजूला पत्र: डोळा मागे पडतोय की डोकं?

प्रिय सुजू,

तुझा मेसेज वाचला आणि फोन न करता सरळ लिहायलाच बसले, कारण फोनवर तू मला अर्ध्यात तोडतेस आणि हे मला सलग सांगायचंय. डोळा ६/६ झाला, डॉक्टर म्हणाले डोळ्याच्या नसेची सूज (ऑप्टिक न्यूरायटिस, मला झाला होता तोच) गेली, मग त्या चिन्हं-आकड्यांच्या टेस्टमध्ये स्कोअर इतका खाली कसा, माझं डोकं गेलंय का, असं विचारतेयस. नाही गं. निदान त्या एका कागदावरून तरी कुणालाच तसं म्हणता येणार नाही.

आधी ती टेस्टच बघ ना. वर नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली १ ते ९ मधला एक आकडा, त्याखाली नुसत्या चिन्हांच्या ओळी, आणि ९० सेकंदांत जमतील तेवढे आकडे सांगायचे. एसडीएमटी म्हणतात तिला. डोकं किती फास्ट चालतं ते बघायला ही टेस्ट सगळीकडे वापरतात आणि चांगली आहे ती, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ती करताना नजर वर जाते, खाली येते, परत वर जाते, प्रत्येक चिन्ह ओळखायचं, रेघ इकडे वळलीये का तिकडे ते पकडायचं. मोजायचंय डोकं आणि सगळं आत जातंय डोळ्यातून. मग डोळा जरा जरी रेंगाळला तर तो वेळ कुणाच्या खात्यात जातो? डोक्याच्या. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं, त्याच्या पेशंटमध्ये हे तपासून झालंय, फिकट अक्षरं ज्यांना नीट दिसत नाहीत त्यांचा या टेस्टचा स्कोअरही कमी येतो.

तू म्हणशील डोळा तर ६/६ आहे. पण ६/६ मध्ये मोजतात काय? पांढऱ्यावर काळीकुट्ट अक्षरं, एका जागी थांबलेली, आणि तुला हवा तेवढा वेळ. इतकं सोपं दिवसभरात दुसरं काय दिसतं आपल्याला? अमेरिकेत नसेच्या या सुजेवर मोठी ट्रायल झाली होती, १९८८ ते १९९१ मध्ये साडेचारशेच्या वर पेशंट घेतले होते, त्यात वर्षभरानंतर नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचा तो डोळा ६/१२ किंवा त्याहून चांगला झाला होता. आपल्याला जे तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉईड देतात ना, ते त्याच ट्रायलमधून आलंय, आणि तिथेच हेही कळलं की त्याने नजर लवकर परत येते पण वर्षाच्या शेवटी फारसा फरक राहत नाही. हे सगळं चांगलंच आहे. पण चार्ट वाचता येणारे हेच लोक परत सांगतात की लाल रंग विटल्यासारखा दिसतो, संध्याकाळी पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत, स्क्रीनवरचा राखाडी मजकूर नुसता पुसट पट्टा वाटतो. त्यासाठी वेगळा चार्ट असतो, अक्षरं त्याच आकाराची पण इतकी फिकट की कॉन्ट्रास्ट फक्त २.५ टक्के, कधी १.२५. तुझी ती टेस्ट झालीये का? माझी पैज आहे, झालेली नाही.

आणि "दुसरा डोळा तर ठणठणीत आहे" हे जे सगळे आपल्याला ऐकवतात, त्यावर तर मला बरंच बोलायचंय. अगं दोन डोळे म्हणजे चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो असं नेहमी होत नाही. फिकट गोष्टी बघताना काहींना दोन्ही डोळ्यांनी मिळून जे दिसतं ते नुसत्या चांगल्या डोळ्यापेक्षाही कमी असतं, म्हणजे खराब डोळा उलट मध्ये येतो. शिवाय टायमिंगचा घोळ. नसेवरचं मायलिनचं आवरण गेलं की सिग्नल उशिरा पोचतो, आणि अक्षरं परत दिसायला लागली तरी हा उशीर बऱ्याच जणांमध्ये तसाच राहतो. लंडनमध्ये हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्येच हे दाखवलं होतं. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उलटसुलट होत राहतात आणि आपण टक लावून बसतो ती व्हीईपी आठवते ना, त्यात मेंदूची लाट साधारण १०० मिलिसेकंदांना यायला हवी, आपली त्याहून बरीच उशिरा येते. एका डोळ्याचं चित्र आत्ताचं आणि दुसऱ्याचं थोडं मागचं, आणि मेंदूने त्यांचा मेळ घालायचा!

म्हणूनच मला चेंडू झेलता यायचा नाही आणि रस्ता ओलांडताना गाडी नेमकी किती लांब आहे ते कळायचं नाही. याला पुल्फ्रिख इफेक्ट म्हणतात, कार्ल पुल्फ्रिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये समजावून सांगितलेला, सरळ हलणारा लंबक लंबगोल फिरतोय असं वाटतं. गंमत म्हणजे त्या बिचाऱ्याला स्वतःला एकाच डोळ्याने दिसायचं, त्यामुळे त्याने हा इफेक्ट कधी पाहिलाच नाही. आणि काही पेशंटना त्यावर उपाय चालतो तो अगदी उलटा वाटेल असा, चांगल्या डोळ्यावर गडद काच! अंधारलं की तो डोळाही जरा स्लो होतो आणि दोघं जवळजवळ बरोबर येतात. मनाने करू नकोस हं, डॉक्टरांना विचारून.

आता यात डोकं कुठे दमतं ते सांगते. मीटिंगमध्ये मी स्लाईड वाचायला लागले की समोरचा काय बोलला ते निसटून जायचं, आणि मला वाटायचं विसरभोळी झाले. आवाज तुटत असलेल्या फोनवर बोलताना कसं होतं, शब्द जुळवण्यातच सगळं लक्ष जातं आणि फोन ठेवल्यावर मुद्दा काय होता तेच आठवत नाही, तसं. दिसलेलं ओळखण्यातच ताकद संपली तर लक्षात ठेवायला उरणार काय.

पण सुजू, सगळं डोळ्यावर ढकलून मोकळी हो असंही मी म्हणणार नाही. डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच भाग, आणि जो आजार तिथे मायलिन खातो तो मेंदूत इतर ठिकाणीही खाऊ शकतो, आणि तसं झालं तर आधी बहुतेक स्पीडच कमी होतो, कधी कधी अगदी सुरुवातीपासून. त्याच ट्रायलमध्ये लोकांना १५ वर्षं फॉलो केलं होतं, सुरुवातीच्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता त्यांच्यातल्या २५ टक्क्यांना पुढे एमएस झाला, एक किंवा जास्त डाग असलेल्यांमध्ये ७२ टक्क्यांना. तुझा एमआरआय क्लीन आहे, म्हणजे चारातल्या तिघांच्या बाजूला असण्याचा चान्स जास्त, पण म्हणून पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. त्या दोन अँटिबॉडी, अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग, निगेटिव्ह आल्या हे बरं झालं, त्या पॉझिटिव्ह आल्या की जे आजार निघतात ते एमएसहून वेगळे आणि त्यांची औषधंही वेगळी.

शिवाय टेस्ट केव्हा दिलीस तेही बघ. स्टेरॉईडने झोप उडते, मूड वरखाली होतो, त्यात भीती, त्यात ते थकणं जे झोपूनही जात नाही. यातलं एकेक एकटंसुद्धा स्कोअर खाली आणायला पुरेसं आहे. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा पळून आल्यावर नजर धुरकट होते ते वेगळं, उथोफने १८९० मध्येच लिहून ठेवलंय, अंग गार झालं की जातं, त्याने नवीन इजा होत नाही. पण डोळा हलवताना दुखायला लागलं किंवा नजर उतरली आणि तशीच राहिली तर वाट न बघता जायचं.

तर आता असं कर, न्यूरोसायकॉलॉजिस्टला सांग की मला ऐकून द्यायच्या टेस्ट पण द्या. एक असते पासॅट, दर तीन सेकंदांनी आवाज एक आकडा सांगतो आणि तू तो आधीच्या आकड्यात मिळवत जायचं, सगळ्यांना घाम फुटतो त्यात, मला तर मनापासून राग आहे तिचा, पण डोळ्याचा संबंध नाही. दुसरी शब्दांची यादी ऐकून परत सांगायची. ऐकण्याच्या टेस्ट ठीक आणि बघण्याच्या सगळ्या खाली असं आलं तर संशय आधी डोळ्यावर घ्यायचा, दोन्हीकडे खाली आलं तर मग डोक्याचं नीट बघायचं, झोप आणि मूडसकट. फिकट अक्षरांचा चार्ट त्याच दिवशी करून घे, दोन्ही डोळ्यांनी मिळून आणि एकेक डोळा झाकून, आणि तो रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेव. पहिली टेस्ट घेताना जवळचं नीट दिसतंय का हे त्यांनी तपासलं होतं का, तेही विचार, नसेल तर तो स्कोअर मी तरी धरणार नाही.

ऑफिसात तोपर्यंत फॉन्ट मोठा कर, राखाडी अक्षरं काळी कर, लांबलचक मेल फोनला वाचून दाखवू दे. बॉसला काय आणि किती सांगायचं ते आपण बोलून ठरवू, घाईत काही लिहून पाठवू नकोस. ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) आणि व्हीईपीचे जुने रिपोर्ट मला स्कॅन करून पाठव, माझेही काढून ठेवलेत, शेजारी शेजारी ठेवून बघू. आणि अपॉइंटमेंटची तारीख कळव, मी येते बरोबर.

तुझीच,
निमा