चार वेळा वर्कशॉपला नेऊन शेवटी 'फाउंड ओके' लिहून परत दिलेल्या गाडीच्या एसीची तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य ऑफिस

विषय: नवीन कॉम्पॅक्ट सेडानचा एसी गाडी उभी असताना गार करत नाही आणि वर्कशॉप ते मान्य करत नाही

साहेब / मॅडम, नमस्कार.

तुमच्या टोल फ्रीवर तीनदा बोललो. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून 'सर गाडी नंबर सांगा', आणि शेवटी 'डीलरला मेल टाकला आहे सर'. डीलरकडे गेलं की ते म्हणतात मेल आलाच नाही. म्हणून आता एकदाच सगळं लिहितोय, लांबलं तर लांबलं.

मी अमळनेरचा, बी-बियाण्यांचं दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि २ ऑक्टोबरला दसरा होता, त्या दिवशी तुमच्या जळगावच्या शोरूममधून गाडी घेतली. हॅचबॅक घेणार होतो, पण आबांचं एकच म्हणणं, डिक्की पाहिजे. शेतातून घरी येताना गव्हाचं पोतं, भरिताची वांगी, बहिणीकडे जाताना पापड-कुरडयांचे डबे, हे सगळं मांडीवर घेऊन किती दिवस बसायचं. आणि डिक्कीच्या बाबतीत एक शब्द बोलणार नाही, चार मीटरच्या आत बसवलेल्या गाडीला एवढी जागा दिली हे मानलं पाहिजे. थंडीत गाडी एकदम खूश होऊन चालवली. इंजिन गुळगुळीत, क्लच हलका, हायवेला टाकी फुल टू फुल मोजलं तर १८ च्या वर अ‍ॅव्हरेज. तुमच्या कागदावर जास्त आहे, पण तो आकडा लॅबमधल्या टेस्टचा असतो हे कळतं मला, त्यावरून भांडत नाही. चार माणसं बसली की आमच्याकडच्या स्पीडब्रेकरला पोट घासतं, तेही तुमच्या माथी मारत नाही. नियमाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे आणि आमच्याकडे गावागावात लोकांनी रात्रीतून बांधलेले असतात, त्याला तुम्ही काय करणार.

तक्रार एसीची आहे. थंडीत एसी लावलाच नाही त्यामुळे कळलं नाही. मार्चच्या शेवटी ऊन तापायला लागलं आणि तेव्हा लक्षात आलं की गाडी पळत असली की एसी मस्त, गाडी थांबली की पाच मिनिटांत हवा कोमट. साहेब, तुम्ही कुठे बसता माहीत नाही, पण खान्देशात एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ ला पारा, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. इथे एसी चैन नाहीये.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणीला आणायला शहाद्याला गेलो होतो. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, हा सण दिवाळीइतकाच मोठा. येताना माय, बहीण आणि तिचं सव्वा वर्षाचं पोर मागे. दोंडाईच्याच्या अलीकडे रेल्वे फाटक बंद मिळालं. आधी मालगाडी गेली, मग म्हणे अजून एक यायची आहे, पंधरा मिनिटं तिथेच. पुढे ट्रक, मागे ट्रॅक्टर, सावली कुठेच नाही. चौथ्या मिनिटाला 'टक' असा आवाज आला, कॉम्प्रेसर बंद. ब्लोअर चालूच, पण त्यातून येणारी हवा तव्यावरून आल्यासारखी. मागे तर वेगळे व्हेंटही नाहीत. पोर लालबुंद होऊन किंचाळायला लागलं, बहिणीने ओढणी ओली करून त्याच्या डोक्यावर ठेवली, शेवटी चारी काचा खाली केल्या तर बाहेरची लू आत. माय म्हणाली, "हाई गाडी शे का भट्टी?" आता यावर मी काय बोलणार, दसऱ्याला पेढे मीच वाटले होते.

तुमच्या वर्कशॉपला चार वेळा गेलो. अमळनेरहून जळगाव जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर आणि दुकानाचा एक दिवस बुडतो तो वेगळा. पहिल्या वेळी, 'सर ऊनच एवढं आहे, नॉर्मल आहे.' दुसऱ्या वेळी गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला आणि २,४५० रुपये घेतले, का तर गॅस कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही. सात महिन्यांच्या गाडीतला गॅस गेला कुठे, लीक असेल तर लीक शोधा ना, ते नाही. तिसऱ्या वेळी केबिन फिल्टर बदलला, 'कापसाची धूळ बसते सर तुमच्या भागात.' बसते, खरं आहे, पण फिल्टर चोंदला तर वारा कमी येईल, वारा गरम कशाला येईल? चौथ्या वेळी नुसतं जॉब कार्डवर 'एसी चेक्ड, फाउंड ओके' लिहून चावी हातात दिली. चारही कार्डं जपून ठेवली आहेत.

ओके कसं निघतं तेही बघितलं मी. सकाळी साडेनऊला गाडी आत घेतात, तुमचा माणूस बसतो, बायपासला जातो, ८० ने दोन किलोमीटर पळवतो आणि येऊन म्हणतो 'गार होतंय सर'. होणारच ना भाऊ! मी पण तेच सांगतोय की पळताना होतं! उभी करून बघा म्हटलं तर, 'एवढा वेळ नसतो सर, मागे चौदा गाड्या आहेत.'

मग गावातल्या एका मित्राला विचारलं, तो फ्रिज आणि घरच्या एसीची कामं करतो. वॉरंटी जाईल म्हणून गाडीला हात लावू दिला नाही, नुसतं बॉनेट उघडून बघितलं. त्याने सांगितलेलं माझ्या डोक्यात लगेच बसलं. घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटचा पंखा बंद पडला तर आत गार होईल का? तसंच हे. गाडी पळते तेव्हा पुढच्या जाळीला आपोआप वारा लागतो. उभी राहिली की तो वारा पंख्यानेच ओढायचा असतो. माझ्या गाडीचा पंखा हळूच फिरतो, मोठा स्पीड घेतच नाही, त्यामुळे गॅसचं प्रेशर वाढत जातं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो, तीच ती 'टक'. रिले असेल, वायरिंग असेल, नाहीतर मोटरच कमजोर असेल, ते तुम्ही शोधायचं. गॅसचं ऐकून तर तो हसलाच, म्हणे फ्रिजमध्ये आपण दर वर्षी गॅस भरतो का?

त्याच्याकडूनच वायरवाला थर्मामीटर घेतला. माझ्या आतेभावाकडे पारोळ्याला हीच गाडी, हेच इंजिन, हाच व्हेरिएंट, रंगसुद्धा पांढराच. त्याला बोलावून घेतलं आणि रविवारी दुपारी दोनला बाजार समितीच्या पटांगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उन्हात उभ्या केल्या. बाहेर ४३. त्याआधी दोन्ही गाड्या अर्धा तास चालवल्या होत्या, तेव्हा मधल्या व्हेंटमध्ये दोघांचं ९-१० च्या आसपास. उभ्या केल्यावर दहा मिनिटांनी त्याची १३ वर, आणि तिथेच टिकून. माझी चार मिनिटांत २१, मग 'टक', सहाव्या मिनिटाला २६, आणि पुढे मी बघणं सोडलं कारण शर्ट पाठीला चिकटला होता. त्याच्या गाडीचा पंखा मध्येच जोरात घूं करून सुटतो, बाहेर उभं राहून ऐकू येतो. माझा एकदाही सुटला नाही. दोन्हीचे व्हिडिओ सलग घेतले आहेत, कट न करता, पेनड्राइव्ह सोबत जोडतोय. आता हे नॉर्मल असेल तर आतेभावाची गाडी बिघडलेली आहे असं मला लेखी द्या, तो पण तक्रार करेल.

अजून एक. चौथ्या सर्व्हिसनंतर फीडबॅकचा फोन यायच्या आधीच वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन, 'दहापैकी दहा द्या सर, नाहीतर आमचे पैसे कापतात.' मी ४ दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा परत फोन, आवाज पडलेला. पोरगं पंचविशीचं असेल, मला वाईट वाटलं खरं सांगतो. त्याच्यावर राग नाही, त्याला पंखा बघायला दहा मिनिटं कोणी देत नाही आणि आकडा मात्र दहाच पाहिजे, ही पद्धत तुमच्या ऑफिसातून येते.

तर मला पाहिजे काय? गाडी बदलून मागत नाहीये. गाडी दुपारी, उन्हात, उभी ठेवून वीस मिनिटं माझ्यासमोर तपासा. गॅसचं प्रेशर मोजायचं गेज लावा, पंखा मोठ्या स्पीडला जातो का ते बघा, जे निघेल ते जॉब कार्डवर जसंच्या तसं लिहा आणि खराब पार्ट वॉरंटीत बदला. गॅसचे २,४५० परत द्या. फिल्टरचे ३८० ठेवून घ्या, तो खरंच काळा झाला होता.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर माहीत आहे, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे जळगावच्या ग्राहक आयोगातच केस टाकता येते हेही वकिलाने सांगितलं आहे. त्या रस्त्याने जायची हौस नाही, जूनमध्ये पाऊस पडला की आमचं बियाण्यांचं सीझन असतं, मान वर करायला वेळ नसतो. त्यामुळे त्याच्या आत मिटवा.

येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता गाडी घेऊन जळगावच्या वर्कशॉपला येतोय. सकाळी या म्हणून फोन करू नका, सकाळी येणार नाही. थर्मामीटर माझा मी आणतो, तुमचा टेक्निकल माणूस तेवढा तिथे ठेवा.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव

सोबत: चार जॉब कार्डांच्या झेरॉक्स, गॅसचं बिल, पेनड्राइव्ह