चहा गार होईपर्यंत

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

परवा आपल्या विश्रामबागेतल्या घरून मिरजेला निघताना घसा दाटून आला आणि धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर रेडिओ दुर्बिणीच्या खुल्या नोंदींमधून महाकाय ताऱ्यांच्या जन्मस्थानी मिथेनॉलचे मेसर, म्हणजे रेडिओलहरींचे नैसर्गिक लेसर, शोधायचे, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प. हे तारे इतक्या दाट धुळीत घडतात की त्यांचा प्रकाश बाहेर पडत नाही. पण तापलेल्या धुळीच्या अवरक्त किरणांनी चेतवलेले मिथेनॉलचे रेणू रेडिओलहरीला बळ देत जातात आणि ती ढगातून पार होऊन आपल्यापर्यंत पोहोचते. १९९१ मध्ये कार्ल मेंटेन यांना सापडलेली मिथेनॉलची ६.७ गिगाहर्ट्झची रेषा, म्हणजे ठरावीक वारंवारतेवरचा टोकदार उंचवटा, अशा महाकाय ताऱ्यांच्याच परिसरात आढळते, म्हणून तिचे एवढे मोल. माझ्या आलेखात सुईसारखी तशी रेषा होती, मात्र तिच्या सरकलेल्या वारंवारतेवरून काढलेला वेग ढगाच्या वेगाशी काही केल्या जुळत नव्हता. आधी ज्यांच्याकडे गेले, त्यांपैकी एकांनी आलेख हातातही न घेता तो मोबाईलचा गोंधळ ठरवला, तर दुसऱ्यांनी विषयच बदलायला सांगितले. त्यात माझे चार महिने गेले, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही.

आपण चष्मा पुसून आलेख खिडकीपाशी नेलात. चूक आपल्याला तेव्हाच दिसली असणार, हे मला आता कळते. तरी काही न बोलता आपण कागद उलटा केलात, माझ्या हातात पेन्सिल दिलीत, "मूळ वारंवारता किती धरलीस?" एवढेच विचारलेत आणि समोरचा चहा गार होईपर्यंत थांबलात. स्थिर रेणूच्या ६६६८.५१९ मेगाहर्ट्झऐवजी मी सरळ ६६७० धरले होते! दीड मेगाहर्ट्झच्या त्या फरकाला मूळ वारंवारतेने भागून प्रकाशाच्या वेगाने गुणले, तर तो सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर भरला, आणि तेवढे वजा करताच रेषा ढगाच्या वेगावर येऊन बसली.

तो मेसर आधीच नोंदलेला निघाला, तरी मला तो माझ्या हाताने सापडला. समोरच्याची चूक त्याची त्याला उमगेपर्यंत शांत बसून राहण्याचा हा सभ्यपणा मी इतक्या वर्षांच्या शिक्षणात प्रथमच अनुभवला.

प्रकल्पाची पहिली प्रत शनिवारी घेऊन येते. परिशिष्टात तो भागाकार पेन्सिलीच्या खाडाखोडीसह जसाच्या तसा लावला आहे.

आपली विद्यार्थिनी