विम शिकायचं की नाही?

विश्रामबाग, सांगली

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

टीममधले सिनियर कोड लिहायला विम हा माऊसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालणारा जुना एडिटर वापरतात, मीही शिकू का, की आजच्या काळात तो वेळ फुकट जाईल, असं तू विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

शीक. पण वेग वाढतो म्हणून नको. आपला वेळ टाइप करण्यात कमी जातो. विचार करण्यात आणि दुसऱ्याचा कोड समजून घेण्यात जास्त जातो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा मला ऑफिसला जाणं शक्य नव्हतं. रोजचा बॅकअप पुण्याच्या मशीनवर वळवायचा होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कसंबसं सर्व्हरवर लॉगिन झालं. तिथे माऊस नाही, मेनू नाही, नवीन काही डाउनलोड होईल एवढी रेंज नाही. व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, मात्र होता. स्क्रिप्टमधल्या दोन ओळी बदलल्या आणि काम झालं. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर तो किंवा त्याचा भाऊबंद असतोच. बिल जॉय या प्रोग्रॅमरने व्हीआय १९७६मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिला, तेव्हा त्याचा मोडेम सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं पाठवायचा. म्हणून एकेका अक्षराच्या आज्ञा. त्या काटकसरीचा उपयोग मला पुराच्या दिवसांत झाला.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. आज्ञा सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत, त्या एकमेकींना जोडता येतात. ‘डी’ म्हणजे काढ, ‘सी’ म्हणजे काढून नवं लिही; ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत. ‘सी’, ‘आय’ आणि अवतरणचिन्ह दाबलंस की अवतरणातला मजकूर जातो आणि तू लिहायला मोकळी. लिहून झालं की एस्केप दाब, म्हणजे अक्षरं पुन्हा आज्ञा होतात. मग दुसरीकडे जाऊन नुसता टिंब दाब, तोच बदल पुन्हा होतो. एवढं हाताला बसलं की मजकुराकडे बघायची नजरच बदलते गं.

सुरुवातीला चिडचिड होईल. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘विमट्यूटर’ लिही. धडा साधारण अर्ध्या तासाचा आहे, तो काही दिवस रोज कर. प्लगइन आणि रंगसंगतीच्या नादी आत्ताच लागू नकोस, त्यात महिने जातात आणि हाती काही लागत नाही. व्हीएस कोड हा माऊसवर चालणारा एडिटर सोडायचीही गरज नाही, त्यातच विमच्या आज्ञा देणारं एक्स्टेन्शन टाक. मोठ्या प्रोजेक्टमध्ये डीबगिंगला, म्हणजे चुका शोधायला, मला स्वतःला व्हीएस कोडच बरा वाटतो.

मराठी लिहिताना मात्र विम नको. कीबोर्ड देवनागरीत असला की आज्ञा चालत नाहीत, सारखं मागेपुढे करावं लागतं. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरंही नीट दिसत नाहीत.

विम नुसता उघडलास की पहिल्या पडद्यावर बहुधा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी ओळ दिसेल. ब्राम मूलेनारने १९९१मध्ये विम लोकांसमोर आणला आणि फुकट दिला. मागितलं ते एवढंच. २०२३मध्ये तो गेला. जमेल तेव्हा थोडे पैसे पाठव. मी पाठवते.

आणि सारखं लागणारं एस्केप बटण फार लांब पडतं. जॉय ज्या टर्मिनलवर काम करायचा, त्याच्या कीबोर्डवर ते आजच्या टॅबच्या जागी होतं. तू कॅप्स लॉकलाच एस्केप करून घे, करंगळीला त्रास होणार नाही.

तुझी,
आई