आईला आधी विचारा, मग थेपले भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्या आईवडलांनी बॅगेत काय काय न्यावं याची यादी तुमच्या रविवारच्या पुरवणीत आली होती. थेपले, खाकरे, मेतकूट, भडंग, गरम पाणी घातलं की होणारे पोहे, आणि वरून सल्ला की तिकडचं बाहेरचं शक्यतो खाऊ नका. यादीबद्दल तक्रार नाही, मेतकूट मलाही हवंच असतं. पण त्या सगळ्या लेखात एक गोष्ट धरूनच चालले होते की साठीसत्तरीच्या बाईला नवीन चव नकोच असणार, ते काही मला पटलं नाही. टूरवाले पण हेच करतात, जगात कुठेही न्या, संध्याकाळी पनीर नि जीरा राईस. लोकांना ते हवं असतं म्हणून देतात हे मान्य, पण कोणी विचारतं का त्या काकूंना?

मी सिंगापूरला राहते. माझी आई रत्नागिरीजवळच्या गावातली, सत्तरी ओलांडलेली, सोमवार आणि संकष्टी सोडली तर रोज मासे लागतात, शुगरची गोळी चालू आहे. ती जूनमधे इकडे आली होती आणि माझ्या नवऱ्याने आधीच जाहीर करून टाकलं होतं की आईंसाठी घरीच करत जाऊ, त्यांना इथला वास सहन होणार नाही. वास! ज्या बाईने आयुष्यभर अंगणात बोंबील वाळवले तिला वासाचं काय सांगताय.

गेलांग सराईच्या बाजारात नेलं तिला, हा मलाय लोकांचा जुना बाजार, खाली मासे-भाजी आणि वर खाण्याचे स्टॉल. तिथे बेलाचानच्या काळपट तपकिरी वड्या रचून ठेवलेल्या असतात. मी काही सांगायच्या आधी आईने एक उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाली, 'हा जवळाच गो, कुटून ठेवलाय.' आणि बाईचं बरोबर होतं. आपला जवळा आणि इथलं बेलाचान ज्याचं करतात ती इवलीशी कोळंबी एकाच जातकुळीची आहे, आपण नुसती वाळवतो, हे लोक मीठ लावून कुटतात, उन्हात घालतात, मुरवतात, परत कुटतात आणि वड्या पाडतात. वापरायच्या आधी ती भाजून घ्यायची, मग मिरचीबरोबर वाटून सांबल करायचं. भाजताना काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको, आणि मुंबईच्या सोसायट्यांमधे सुकट भाजली म्हणून ज्यांनी नोटिसा खाल्ल्यात त्यांना तर नकोच नको.

त्या दिवशी नासी लमाक खाल्ला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, बाजूला तळलेले बारीक सुके मासे नि शेंगदाणे, काकडी, अंडं आणि ते सांबल. भातात पांदानचं पान घालतात, त्याला बासमतीसारखा वास येतो, म्हणजे 'सारखा' पण नाही, दोन्हीतलं वासाचं रसायन एकच आहे. आईने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणाली सुके मासे थोडे आणखी मिळतील का बघ. घरात तिच्यासाठी आणलेली पोह्यांची पाकिटं अजून तशीच आहेत.

आता ड्युरियन, इथलं उग्र वासाचं काटेरी फळ. इथे जून ते ऑगस्ट मलेशियातनं येणाऱ्या ड्युरियनचा मोठा सीझन असतो. मेट्रोत ते न्यायला बंदी आहे, तशी चित्रंच लावलेली असतात, हॉटेलंही खोलीत आणू देत नाहीत. आणि तरी इथल्या लोकांचं त्यावर इतकं प्रेम की समुद्राजवळच्या काटेरी छताच्या नाट्यगृहाला सगळे ड्युरियनच म्हणतात. विकणारा किलोवर वजन करतो, सुरीने फोडून देतो, प्लास्टिकचे हातमोजे देतो, आणि टेबलाशी बसून तिथेच खायचं. त्याच्या जातींपैकी मुसांग किंग महाग, डी २४ त्यातल्या त्यात परवडणारं आणि माझ्या मते नवख्या माणसाला तेच द्यावं. आपल्याला बघून वाटतं फणसाचा भाऊ, पण फणसाशी त्याचं काही नातं नाही, तो भेंडी, कापूस आणि जास्वंदीच्या कुळातला. फणसाचं खरं भावंड इथे वेगळं आहे, चेंपेडाक म्हणून, बारीक लांबट, त्याचे गरे पिठात बुडवून तळतात आणि आतली आठळी पण खातात.

आईने पहिला गर तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, 'कापा नाय, बरका नाय, ह्याला कोणी कांदा लावलान?' मला वाटलं संपलं आता. तर हात पुढे करून दुसरा मागितलान. आवडलं का विचारलं तर म्हणे अजून कळलं नाही, कळेपर्यंत खाते. शेवटी मीच थांबवलं, कारण त्यात साखर भरपूर असते. विकणाऱ्या चिनी आजोबांनी खुणेने सांगितलं की ड्युरियन गरम, त्याच्यावर मँगोस्टीन नावाचं फळ खा, ते थंड, आणि सालीच्या खोबणीत पाणी ओतून ते प्या. भाषा एक शब्द कळत नव्हता, पण उष्ण नि थंड हा हिशोब आईला जन्मापासून पाठ, आंबा खाल्ला की वर दूध घे म्हणणारीच ती. दोघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या आणि मी मधे उगाचच उभी. ते पाणी पिऊन वास जातो की नाही यावर माझा फारसा विश्वास नाही, पण आई अजून लोकांना सांगते.

आषाढी एकादशी इकडेच आली. उपासाला काय करू म्हणून मी काळजीत, तर आईला म्हटलं इथे एक गोड मिळतं, सागो गुला मेलाका, साबुदाणा शिजवून गार करून थापतात आणि वरून नारळाचं दूध नि माडाच्या गुळाचा पाक. तिने आधी नीट चौकशी केली, अंडं आहे का, मैदा आहे का, मग खाल्लं. आता हे मला फार आवडतं सांगायला की खरा साबुदाणा मुळात याच भागातला, सागो पामच्या खोडातला पिठूळ गाभा काढून करायचे. आपल्याकडे तो इथूनच, मलाया-सिंगापूरच्या बाजूने यायचा, दुसऱ्या महायुद्धात आयात बंद पडली आणि तमिळनाडूत सेलमच्या भागात टॅपिओकाच्या कंदापासून तो करायला सुरुवात झाली. म्हणजे आपली उपासाची खिचडी ज्याच्यावर उभी आहे ती वस्तू या मुलखाची. (पुण्याच्या माझ्या सासूबाईंना हे फोनवर सांगितलं, त्यांनी विषय बदलला.)

सगळंच आवडलं असं मुळीच नाही. सेंच्युरी एग, म्हणजे बदकाची अंडी चुना, राख, मीठ नि चहाच्या लेपात काही आठवडे ते काही महिने ठेवतात, शंभर वर्षं वगैरे काही नाही, त्या चुन्याच्या क्षारामुळे पांढरं गडद तपकिरी जेलीसारखं होतं आणि बलक हिरवट करडा. ते तांदळाच्या पेजेत कापून घालतात. आईने पेज खाल्ली, पेज तिला फार आवडली, आणि अंडं चमच्याने बाजूला सरकवून ठेवलं, त्यावर एक शब्द नाही. काया टोस्ट, म्हणजे नारळाचं दूध नि अंड्याचा गोड जॅम लावलेला पाव, आवडला पण त्याच्या जोडीला जी अर्धी कच्ची अंडी येतात, सोया सॉस नि पांढरी मिरपूड घालून, त्याला हात लावला नाही. बेडकाची पेज मिळते गेलांगला, ती मी विचारली फक्त. आई म्हणाली, 'ते गोव्यात पावसात पकडतात ना चोरून, तसलं?' हो, तसलंच, तिकडे जंपिंग चिकन म्हणतात आणि वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, इथे खाण्यासाठी मुद्दाम पाळलेले असतात. नको म्हणाली, विषय संपला. नको म्हणायला तिला काहीच अवघड वाटलं नाही, कारण काय आहे ते तिला माहीत होतं.

माझं म्हणणं काय आहे ते हेच. आपण एकतर आईवडलांना काही चाखूच देत नाही, नाहीतर गंमत म्हणून आधी खायला घालतो आणि मग सांगतो की तुम्ही अमुक खाल्लंत, आणि तोंड बघून व्हिडिओ काढतो. असले व्हिडिओ मला बघवत नाहीत. माळकरी माणसाच्या पोटात न सांगता कोळंबी घालणं यात विनोद कसला. आणि इथे ते चुकून व्हायला पण वेळ लागत नाही, कारण साधी दिसणारी पालेभाजी, कांगकोंग, बेलाचानमधे परतलेली असते, फळांच्या रोजाकवर, म्हणजे इथल्या कोशिंबिरीवर, जो काळा गोड सॉस असतो त्यात कोळंबीचा अर्क असतो, भाज्यांच्या सूपखाली सुक्या माशांचं पाणी, नुसत्या ब्रोकोलीवर ऑयस्टर सॉस, नूडल्समधे डुकराची चरबी. 'व्हेज?' म्हणून विचारलं तर स्टॉलवाला मनापासून 'येस' म्हणतो, त्याच्या लेखी भाजी दिसतेय म्हणजे व्हेज. म्हणून एकेक वस्तू नावाने विचारायची.

शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही मात्र. वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान यिन या बौद्ध देवीचं मोठं देऊळ आहे आणि त्याला लागून आपल्या कृष्णाचं, आणि तिकडून दर्शन घेऊन निघालेली चिनी माणसं कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावून जातात. आई तिथे किती वेळ बघत उभी होती. आसपास बौद्ध शाकाहारी खानावळी आहेत, कांदा-लसूण सुद्धा नाही, चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे तुफान गर्दी, म्हणजे साधारण आपली अमावास्या आणि पौर्णिमा. आईने लगेच कालनिर्णयमधे तारखा बघितल्या. त्या खानावळींत सोयाचं खोटं मटण, खोटी मासळी असं बरंच असतं, त्यावर आईचं मत, 'खायचं तर खरं खावं, नाहीतर डाळभात काय वाईट.' मला ती खोटी मासळी आवडते पण गप्प बसले. लेइ चा मात्र दोघींनाही आवडला, हक्का लोकांचा, भातावर बारीक चिरलेल्या भाज्या, टोफू, शेंगदाणे, आणि चहाची पानं, पुदिना, तीळ वाटून केलेलं हिरवं गरम पाणी वरून ओतायचं. सुके मासे नको म्हटलं की काढून देतात.

एक गंमत राहिली. हॉकर सेंटरमधे, म्हणजे एका छताखाली खाण्याचे पुष्कळ स्टॉल असतात तिथे (या हॉकर संस्कृतीला २०२० मधे युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली), जेवणाच्या वेळी टेबल पकडायला लोक टिशूचं पाकीट ठेवून जातात आणि कोणी ते उचलत नाही. आईला समजवावं लागलं नाही, यष्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरलेली बाई आहे ती. दुसऱ्या दिवशीपासून मी रांगेत आणि ती पर्समधलं पाकीट घेऊन टेबल शोधायला. खाऊन झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, २०२१ पासून न ठेवल्यास दंड होऊ शकतो, आणि हलाल ट्रेची जागा वेगळी असते तेवढं बघायचं.

तर संपादक महाशय, पुढच्या वेळी बॅगेची यादी छापाल तेव्हा बाजूला एक छोटी चौकट द्या. सिंगापूर-मलेशियाला जाणाऱ्यांनी काय काय नाव घेऊन विचारावं: बेलाचान, सुके मासे म्हणजे इकान बिलिस, ऑयस्टर सॉस, फिश सॉस, चरबी, अंडं. आणि मुलामुलींना सांगा की आईला विचारा, तिला काय चाखायचंय. शुगर असेल तर ड्युरियन एखाद-दुसराच गर, दारूबरोबर तर नकोच. किडनीचा त्रास असेल तर त्यात पोटॅशियम बरंच असतं म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं, आणि अशा माणसांनी इथे ज्यूसच्या स्टॉलवर सर्रास मिळणारं स्टारफ्रूट, म्हणजे आपलं कमरख किंवा करमळ, ते अजिबात घेऊ नये, आजारी किडनीवाल्यांना त्याची विषबाधा होते.

कळावे,
आपली एक वाचक,
सिंगापूर (मूळ रत्नागिरी)