टेंडरआधी तळपाय तपासा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी झाली. नवं यंत्र दिसलं की आधी त्याचे सुटे भाग कुठे मिळतील ते बघायची सवय अजून सुटलेली नाही. विजेच्या साहाय्याने त्वचेचा कॅन्सर ओळखणाऱ्या यंत्राची फाइल आज ना उद्या तुमच्याकडे येईल, म्हणून हे पत्र.

संशयित डाग मिठाच्या पाण्याने भिजवायचा, बारीक टोकांचा प्रोब टेकवायचा आणि अगदी सौम्य प्रवाह सोडायचा. कमी फ्रिक्वेन्सीचा प्रवाह पेशींना वळसा घालून जातो, जास्त फ्रिक्वेन्सीचा त्यांच्या आरपार. कॅन्सरमध्ये पेशींचा आकार आणि मांडणी बिघडते, तसा प्रवाहाला होणारा अडथळाही बदलतो. स्वीडनच्या नेव्हिसेन्स यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये मान्यता दिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत सुमारे ९७ टक्के मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचे घातक कॅन्सर, पकडले गेले. पण निरुपद्रवी डागांपैकी जेमतेम एक तृतीयांश डागांनाच यंत्राने निर्धोक म्हटलं. म्हणजे बायोप्सी काही टळत नाही. डॉक्टरच्या नजरेला जोड, एवढंच.

मेख पुढेच आहे. हे आकडे मुख्यतः गोऱ्या त्वचेचे. आपल्याकडे मेलानोमा कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली. आणि तळवे त्या मान्यतेतून वगळलेलेच आहेत! दिवसभर ओल्या बंदरावर उभ्या राहणाऱ्या कोळणीच्या तळव्यावरचा काळा डाग कुरूप समजून ब्लेडने तासला जातो, त्याचं काय? शिवाय घामाने त्वचेतून वीज वाहण्याचं प्रमाण बदलतं. मे महिन्यातल्या आपल्या ओपीडीत, वर नुसता पंखा फिरत असताना, आलेला आकडा कितपत धरायचा?

तेव्हा टेंडरआधी इथे चाचणी होऊ द्या. जे. जे. तुमच्याच खात्याचं आहे. पालिकेची केईएम, नायर, सायन आहेत, परळला टाटा मेमोरियल, पवईला आयआयटी. ज्या डागाची बायोप्सी ठरलीच आहे त्याचं आधी माप घ्यावं आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टशी ताडून बघावं. तळवेही घ्यावेत. इलेक्ट्रोड एकदा वापरून टाकायचे असतात, त्यांचा खर्च पहिल्याच प्रस्तावात मागा. नाहीतर ते संपले की यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढतं. अशी कव्हरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

तोवर एक बिनखर्चाचं परिपत्रक काढा: त्वचेच्या ओपीडीत आलेल्या प्रत्येकाला चप्पल काढायला सांगून तळवे आणि नखं बघावीत.

आपला,
एक निवृत्त बायोमेडिकल तंत्रज्ञ, लालबाग