जंत पडले, पण शेळी सावरली का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्यांना जंतनाशक पाजण्याचा सल्ला दरवर्षी वाचायला मिळतो आणि तो योग्यच आहे. परंतु औषध पाजले, जंत पडले, म्हणजे शेळी बरी झाली, हा जो समज आम्हा शेळीपालकांत रुजला आहे, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमाँकस हा रक्तशोषक गोलकृमी. एका कृमीमुळे दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त जाते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजार कृमी असले तर तेच 50 मिलिलिटर होते, आणि 30 किलोच्या शेळीच्या अंगात मुळात रक्त असते ते दोन लिटरच्या आसपास. डोळ्याची आतली कड पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साचते, ते यामुळेच. मात्र हानी एवढ्यावर थांबत नाही. कृमींशी लढताना शरीरातील पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू सोडतात आणि त्यांचा मारा शेळीच्या स्वतःच्या पेशींवरही होतो. तांबड्या पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ त्यात खराब होतात, पेशी लवकर फुटतात आणि आधीच कमी झालेले रक्त आणखी घटते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अशा शेळ्यांच्या रक्तात बहुधा मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे स्निग्ध पदार्थ खराब झाल्यावर तयार होणारा पदार्थ, वाढलेले, तर कॅटालेज व ग्लुटाथायोन यांसारखे अँटिऑक्सिडंट, म्हणजे या माऱ्यापासून पेशींना वाचवणारे पदार्थ, घटलेले आढळतात. (कृमी मात्र स्वतःच्या बचावासाठी कॅटालेजसारखी संरक्षक विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करतो, हे विशेष!)

शेळीच्या शरीरातील या संरक्षक विकरांपैकी काहींना तांबे व जस्त लागते, तर काहींना सेलेनियम. जंतबाधेत भूक मंदावते, पचन बिघडते. म्हणजे गरज वाढते नेमका तेव्हाच पुरवठा आटतो. म्हणून जंतनाशकानंतरचे काही आठवडे हिरवा पाला, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण यांची आबाळ होऊ देऊ नये. तथापि कोणाचे ऐकून सेलेनियमचे इंजेक्शन परस्पर टोचणे धोक्याचे आहे, कारण त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते.

दुसरे असे की, दर तीन महिन्यांनी एकच औषध, तेही वजन न करता अंदाजाने, सगळ्या कळपाला पाजत राहिल्याने जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. लेंड्या तपासून, गरज असलेल्या शेळीलाच योग्य मात्रेत औषध देणे हा त्यावर उपाय आहे. पण मूठभर लेंड्या घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? पशुसंवर्धन विभागाने पावसाळ्यापुरती तरी आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारतळावरच लेंडी तपासणीची सोय करावी, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक शेळीपालक वाचक, जि. धाराशिव