सहावी डीव्हीडी

मुलुंड, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

धाकट्याबरोबर कापडी पिशवी पाठवतेय. तिच्यात जुना प्लेअर आहे आणि पाच डीव्हीडी. वायरी रबर बँडने बांधल्यात. पिवळी पिवळ्यात, लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात, बाकी कशाला हात लावू नका. मागच्या आठवड्यात फोनवर सिनेमांची नावं सांगितली तेव्हा बाबा, तुम्ही दोनदा "हं, लिहून घेतलं" म्हणालात. नंतर आईकडून कळलं की पेनच चालत नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी आईची तक्रार घेते. "खालच्या पट्ट्या वाचू की वरचं चित्र बघू?" आई, पहिला सिनेमा त्यासाठीच निवडलाय, त्यात वाचायचं फारसं काही नाही. 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?', इराणचा, 1987 सालचा, अब्बास कियारोस्तामीचा. अहमद नावाच्या पोराच्या दप्तरात चुकून वर्गमित्राची वही येते. दुसऱ्या दिवशी गृहपाठ वहीत नसला तर गुरुजी त्या मित्राला शाळेतून काढणार असतात. मित्राचं घर शेजारच्या गावात आहे, पण कुठे ते ठाऊक नाही. दीड तासाच्या आत सिनेमा संपतो आणि तेवढ्यात घडतं ते इतकंच, पोरगा वही घेऊन पळत राहतो. त्याची आई ऐकूनच घेत नाही, "आधी अभ्यास कर, मग पाव आण" हे एकच चालू. तू मला "आधी दळण आण, मग खेळायला जा" म्हणायचीस ना, त्याच सुरात.

आणि कान उघडे ठेव. मूळ नाव आहे 'खाने-ये दूस्त कोजास्त'. खाने म्हणजे घर, आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला खाना तो हाच. दूस्त तर दोस्तच. सिनेमाभर "दफ्तर, दफ्तर" ऐकू येईल. तिकडे दफ्तर म्हणजे वही. आपल्याकडे येईपर्यंत त्या वहीचं दप्तर झालं! बाबा, एक गोष्ट तुमच्यासाठी. ज्या कोकेर गावात हे चित्रण झालं तिथे 1990मध्ये मोठा भूकंप झाला. कियारोस्तामी आपल्या बालनटांच्या शोधात पुन्हा तिकडे गेला आणि त्या शोधावरच त्याने 1992मध्ये पुढचा सिनेमा काढला. तो मिळाला की तोही पाठवते.

दुसरा खास आईचा. 'बॅबेट्स फीस्ट', डॅनिश, हाही 1987चाच. ऑस्कर मिळालेला आहे, पण ते सोड. समुद्राकाठच्या कडक धार्मिक वस्तीत दोन म्हाताऱ्या बहिणी राहतात. पॅरिसमधल्या दंगलीतून जीव वाचवून आलेली बॅबेट त्यांच्याकडे बिनपगारी राहून सुकी मासळी आणि पावाचं पेज शिजवते. चौदा वर्षांनी तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते, आणि ती सगळी रक्कम बारा माणसांच्या एका जेवणावर उडवते. गंमत म्हणजे पाहुण्यांनी आधीच ठरवलेलं असतं की जेवणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चव घेणं म्हणजे पाप! मग एकेका घासाला त्यांचे चेहरे कसे बदलतात ते बघ. जिवंत कासव येतं तेव्हा डोळे मीट, मी सांगितलं नाही म्हणू नकोस. पण स्वयंपाकघरातली बॅबेट चुकवू नकोस. गौरीच्या दिवशी चाळीतल्या चाळीस पानांचं तू एकटीने केलंस, शेवटी ओट्याला टेकून नुसता चहा घेतलास, आणि आम्ही सगळे जेवून लोळत होतो. कुणी "छान झालं होतं" म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्हाला तर कुणी गप्प बसायची शपथही घातली नव्हती.

बाबा, आता तुमचे. 'इकिरू', जपानी, कुरोसावा, 1952. नायक आहे ताकाशी शिमुरा, 'सेव्हन सामुराय'मधला म्होरक्या. इथे तो फायलींवर शिक्के मारत तीस वर्षं काढलेला अधिकारी. सुरुवातीलाच काही बायका वस्तीतल्या घाण पाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात. त्यांना या खात्यातून त्या खात्यात, त्या खात्यातून आणखी कुठे असं फिरवत फिरवत शेवटी पहिल्याच खिडकीशी आणून सोडतात. तुम्ही नोकरीतून घरी येऊन हेच किस्से सांगायचात, फक्त खिडकीच्या आतल्या बाजूने. त्याला पोटाचा कॅन्सर आहे हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर आई माझ्यावर चिडेल. पण हा रडका सिनेमा नाही. उत्तरार्धात तर साहेबलोक दारू पीत बसतात आणि वस्तीतल्या बागेचं श्रेय कुणाचं यावर भांडतात. ते बघताना तुम्ही हसाल, आणि मग बराच वेळ हसणार नाही.

'सिनेमा पॅराडिझो' तुम्हाला नवा नाही, पण आईने पाहिलेला नाही. इटलीतलं लहानसं गाव, थिएटरचा ऑपरेटर आल्फ्रेदो आणि त्याच्याभोवती घुटमळणारा तोतो. चुंबनाचं दृश्य आलं की पाद्रीबुवा घंटी वाजवतात आणि तेवढी फिल्म कापली जाते. शेवटी गाडीतळासाठी थिएटर पाडतात. तेव्हा तुम्हाला मॅजेस्टिक आठवेल. आपल्याच गिरगावात, 14 मार्च 1931ला 'आलम आरा' लागला ते मॅजेस्टिक. आता तिथे दुकानं आहेत आणि आई तिथून ब्लाउजपीस घेते. या सिनेमाची जवळजवळ तीन तासांची आवृत्तीही आहे. मी मुद्दाम दोन तासांची पाठवलीय. लांबवलेल्या आवृत्तीत सगळं समजावून सांगतात, आणि जादू जाते.

पाचवा, 'अ सेपरेशन', फरहादी, 2011. पुन्हा इराण, पण आता शहरातला फ्लॅट, घटस्फोट, म्हातारे विसरभोळे वडील, त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई आणि कोर्ट. जास्त सांगत नाही. पाहून झाला की चूक कुणाची ते दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. तुमचं भांडण होणार हे नक्की.

आता सहाव्याबद्दल. पिशवीत तो घातला होता, मग काढून ठेवला. 'टोकियो स्टोरी', यासुजिरो ओझू, 1953. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी आगगाडीने टोकियोला मुलांकडे राहायला येतात. मुलं वाईट नाहीत, नुसती कामात आहेत. थोरला डॉक्टर आहे, मुलगी केशभूषेचं दुकान चालवते. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला खाऊ आणतो तर ती म्हणते, एवढं महागाचं कशाला. मग दोघं भावंडं पैसे काढून आई-बापांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात. तिथे रात्रभर तरुण पोरांचा गोंधळ, गाणी. यांना झोप नाही. सकाळी बंधाऱ्यावर बसून म्हातारा म्हणतो, घरी जाऊ या.

मागच्या मे महिन्यात चाळीला टेकू लावायचं काम निघालं म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात. सहाव्या दिवशी मी तुम्हाला अलिबागचं हॉटेल बुक करून दिलं. ऑफिसचं क्लोजिंग, धाकट्याची परीक्षा, आणि "तुम्हाला तेवढाच बदल." रात्री तिथे कुणाच्या तरी लग्नाचा डीजे एक वाजेपर्यंत चालला. दोन रात्री ठरल्या होत्या, तुम्ही दुसऱ्याच दिवशी मांडव्याची लाँच धरलीत. दारात आई म्हणाली, "हवा छान होती गं." मी हा सिनेमा त्यानंतर महिन्याभराने पाहिला. अतामीचा प्रसंग आला तसा बंद करून उठले आणि भांडी घासली. शेवटापर्यंत पोचायला मला तीन रात्री लागल्या.

म्हणून तो पाठवायची हिंमत झाली नाही. पण गणपतीत माळा आवरताना बाबा, तुमची प्रभात चित्र मंडळाच्या, त्या फिल्म सोसायटीच्या दिवसांतली निळी वही सापडली होती. प्रत्येक सिनेमापुढे दोन-दोन ओळींचं मत, बहुतेक कडक. 1974च्या पानावर 'टोकियो स्टोरी' आहे. त्यापुढे मत नाहीच. फक्त लिहिलंय, "आईला पत्र टाकणे." तेव्हा आजी गावाला एकटी होती ना? बाकी सगळ्या कामांपुढे तुम्ही बरोबरची खूण करता, तिथे खूण दिसली नाही. पत्र टाकलं होतं का? फोनवर विचारणार होते, पण फोनवर तुम्ही लगेच आईकडे देता.

ती डीव्हीडी मी स्वतः घेऊन येते. येत्या शनिवारी, मुक्कामाला. मुलुंडहून फास्ट लोकल मिळाली तर गिरगावात पोचायला दीड तासही लागत नाही, आणि मी तुमच्याकडे शेवटची आले त्याला सात आठवडे झाले, हे आत्ता कॅलेंडर बघून मोजलं. आई, स्वयंपाक करू नकोस, मी बाहेरून आणते. करशीलच, तर मुगाची खिचडी.

तुमची
मनू

ता. क. पट्ट्या दिसल्या नाहीत तर रिमोटवरचं चौथ्या ओळीतलं उजवीकडचं बटण. त्याला मी लाल टिकली लावलीय. बाबांच्या मोतीबिंदूच्या डोळ्याला अक्षर बारीक वाटलं तर खुर्ची पुढे घ्या, टीव्ही पुढे ओढू नका.